साच्याची किंमत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्यामुळे संगणकापासून जरा लांबच होतो. पण एक गोष्ट डिसेंबरपासून मनात घोळते आहे, ती लिहून टाकल्याशिवाय बरे वाटणार नाही. आमच्या नातेवाईक मंडळींनीही वाचावी, कारण त्यांच्यापैकी काहीजण तिच्यात आहेत.

माझा एक पुतण्या अमेरिकेत आयडाहो राज्यात असतो. वीसेक वर्षे झाली जाऊन. डिसेंबरमध्ये एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगठ्याएवढी, बाहेरून आटे पाडलेली एक पोलादी नळी कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "काका, ओळखा हे काय आहे, आणि किंमतही सांगा."

मी म्हटले, "नळाचा एखादा भाग दिसतो. असेल दोनशे रुपये."

तो हसला. म्हणाला, "ही डाय आहे. दोन नगांचे अडीचशे डॉलर दिले, आणि चार महिने वाट पाहिली."

अडीचशे डॉलर म्हणजे आपले एकवीस हजारांच्या वर! मी चाटच पडलो. मग त्याने सगळे समजावून सांगितले, आणि ऐकता ऐकता मला त्यात गोडी वाटू लागली. आधी तेच तुम्हाला सांगतो.

पुतण्याला तिकडे रायफलने निशाणेबाजी करायचा छंद आहे. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी सुटली, दारू जळली, तरी पुंगळी शिल्लक राहते. पितळ महाग, म्हणून तिकडचे हौशी लोक ती पुंगळी पुन्हा भरतात. पण बार उडताना आतल्या दाबाने पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या पोकळीचा आकार घेते. तिला पुन्हा मापात आणायची, तर एका पोलादी साच्यात दाबून बसवावी लागते. हा साचा म्हणजे डाय. पुंगळी मापात आणायला एक डाय आणि तिच्या तोंडात गोळी सरळ बसवायला दुसरी.

नेहमीच्या मापाच्या काडतुसांसाठी अशा डाय तिकडे दुकानात तयार मिळतात. पण पुतण्याचे काडतूस नेहमीच्या मापाचे नाही. कोणताच कारखाना जे काडतूस बनवत नाही, हौशी माणसाने चालू मापाच्या पुंगळीची मान बारीक करून किंवा खांदा बदलून जे स्वतः घडवले, त्याला तिकडे 'वाइल्डकॅट' म्हणतात. वाइल्डकॅट म्हणजे रानमांजर. कुणाच्या घरचे नाही, कुणाच्या यादीत नाही! अमेरिकन सैन्याचे 1906 सालचे .30-06 नावाचे काडतूस आहे. नीडनर नावाच्या एका बंदूक कारागिराने 1920 च्या सुमारास त्याची मान आवळून .25-06 हे रानमांजर तयार केले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ते हौशी लोकांतच फिरत राहिले आणि 1969 साली रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या मालात घेतले. तोपर्यंत ज्याला ते हवे, त्याने आपली डाय कुणाकडून तरी बनवून घ्यायची.

ती बनते कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. गिऱ्हाईक आपल्याच बंदुकीतून उडवलेल्या दोन-तीन पुंगळ्या कारागिराकडे पाठवतो, किंवा बंदुकीची पोकळी ज्या कटरने कोरली त्याचा नकाशा पाठवतो. कारागीर मापे घेतो. साचा त्या मापाचाच करून चालत नाही. पितळ दाबले की थोडे परत उसळते, म्हणून साचा दोन-तीन हजारांश इंच कमी धरावा लागतो. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण तेवढीच. साचा फार घट्ट झाला तर पुंगळी अडकते, आणि अडकली नाही तरी वारंवार आवळली जाऊन तिला लवकर चिरा पडतात. सैल झाला तर ती पुन्हा बंदुकीत जात नाही. पोलाद तापवून कडक करताना पुन्हा माप हलते, त्याचाही अंदाज आधी धरायचा. आणि या एका साच्यासाठी त्या आकाराचा एक वेगळा कटर आधी घडवावा लागतो. कटर एक, साचा एक, गिऱ्हाईकही एक.

बाहेरचे आटे मात्र ठरलेले: पाऊण इंचावर एक सूत व्यास आणि इंचात चौदा आटे. त्यामुळे कुणाचीही डाय कुणाच्याही दाबयंत्रात बसते.

आपल्याकडे हे काही घरी करायचे काम नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. सैन्याच्या मापाची बंदूक खाजगी माणसाच्या हाती नको, हे इंग्रजांचे धोरण होते. म्हणून आपल्याकडे परवानाधारकाच्या घरी .303 नव्हे, तर .315 मापाची रायफल दिसते. मला स्वतःला बंदुकीचे प्रेम अजिबात नाही. पण त्या कारागिराचे कौतुक वाटले. मी पुतण्याला म्हटलेही, "वा! काय काम आहे! दिलेस ते पैसे वसूल झाले."

फोन ठेवला आणि चहा घेता घेता मला एकदम आठवले, की दोनच महिन्यांपूर्वी मी काय केले होते. चहा कडू लागला म्हणा ना.

झाले होते असे. आमच्या सौ.च्या माहेरचा, सटाण्याचा, एक जुना पितळी सोऱ्या आहे. तिच्या आईचा. चांगला जड आहे. दिवाळीच्या आधी काढून पाहिला, तर चकलीची चकती हरवलेली. बाजारात गेलो. तिथल्या सगळ्या चकत्या एक सूत लहान. तशी चकती घातली की पीठ चांदणीतून यायच्या ऐवजी कडेने वर येते. भांड्याच्या दुकानदाराने सरळ सांगितले, "सर, या मापाचे आता काही येत नाही. नवीन सोऱ्या घ्या, साडेतीनशेला आहे." पण सौ.ला आईचाच सोऱ्या हवा होता. मोडीत घालायला ती तयार होईना.

तेव्हा मला माझा एक विद्यार्थी आठवला. त्याचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. आपल्या मालेगावात यंत्रमाग किती आहेत हे सांगायला नको. स्वातंत्र्याच्या आधीपासून इथे यंत्रमाग आहेत. पुढे जुनी झालेली यंत्रे बाहेरगावांहूनही इथे आली, आणि त्यांतल्या पुष्कळांचे सुटे भाग बनवणारी कंपनीच राहिली नाही. तरी माग चालले. कसे चालले? गल्लीबोळांतल्या या लेथवाल्यांमुळे. दात तुटलेले चाक, झिजलेला क्रँक, नव्या कापडासाठी वेगळ्या दातांचे चेंज व्हील (त्याचे दात बदलले की इंचात किती आडवे धागे बसतात ते बदलते), हे सगळे कागदावरच्या नकाशाशिवाय, तुटका तुकडा हातात घेऊन बनते. जॉबर तुटका भाग आणून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "असाच पाहिजे, पण न तुटलेला!"

म्हणजे पुतण्याने उडवलेल्या पुंगळ्या पाठवल्या, त्यातलाच हा प्रकार. पण हे मला तेव्हा कुठे कळले होते?

मी सोऱ्या पिशवीत घालून गेलो. विद्यार्थ्याने तो हातात फिरवून पाहिला, आत व्हर्नियर घातला. म्हणाला, "सर, भांडे ठेवून जा. हे आतून पुरते गोल राहिलेले नाही, एका बाजूने झिजलेय. चकती यालाच लावून लावून करावी लागेल. ढिली झाली तर पीठ वर येईल, घट्ट झाली तर काकूंना निघायची नाही."

मी विचारले, "किती घेशील?"

"सहाशे द्या."

आणि मंडळी, मी काय म्हणालो असेन? तेच, जे तुम्हीही म्हणाला असता. "अरे, एवढ्याशा चकतीचे सहाशे? बाजारात अख्खा सोऱ्या साडेतीनशेला मिळतो!" वर मास्तरकीचा हक्क गाजवला, "मी तुझा सर आहे, मला तरी असे सांगू नकोस." तो काही बोलला नाही. मान खाली घालून म्हणाला, "बरं, तीनशे द्या." मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि सौ.ला सांगितले, निम्म्यात केले!

दुसऱ्या दिवशी चकती आणायला गेलो, तर काम चालूच होते. चकलीच्या चांदणीला त्याने नऊ टोके धरली होती. ती सारख्या अंतरावर यावीत म्हणून त्याने चकती डिव्हायडिंग हेड नावाच्या यंत्रावर चढवली होती. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की वर लावलेली वस्तू एकदा फिरते. मी म्हटले, "नऊ टोकांना मग कसे करतोस?"

तो न थांबता म्हणाला, "चाळीस भागिले नऊ, सर. चार पूर्णांक चार नवमांश. म्हणजे चार फेरे पूर्ण, आणि नवाचे वर्तुळ नाही म्हणून अठरा भोकांच्या वर्तुळात आठ भोके पुढे."

चार नवमांश म्हणजे आठ अठरांश. सममूल्य अपूर्णांक.

आता जे लिहितो ते लिहायला जड जाते आहे. मी बी.ए., माझे विषय मराठी आणि इतिहास. पण आमच्या काळी शिक्षक कमी असले की खालच्या वर्गांचे गणितही गळ्यात पडायचे. 1991 साली हा मुलगा माझ्या वर्गात होता आणि गणितात नापास झाला होता. त्याचे वडील शाळेत आले तेव्हा मी त्याच्यासमोरच त्यांना म्हणालो होतो, "याला कुठेतरी कारखान्यात लावून टाका. अपूर्णांक याच्या डोक्यात शिरायचे नाहीत." त्यांनी ऐकले. त्या काळी मास्तरांचा शब्द म्हणजे काय असायचा, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मुलगा शाळेतून गेला. मी दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव कमी केले आणि विसरून गेलो.

अपूर्णांक त्याच्या डोक्यात शिरले होते की नाही, हे मला चौतीस वर्षांनी कळले. मी ते फळ्यावर खडूने शिकवत होतो. त्याला ते हातात धरता येतील असे हवे होते, एवढेच. इंचाचे आठ सूत, हे त्याला आधीपासून येत होते की!

पण तेव्हाही मी तीनशेच दिले आणि आलो. जे काम डोळ्यांनी पाहिले त्याची किंमत मला कळली नाही. सातासमुद्रापारची किंमत ऐकली तेव्हा कळली. माझी खरी लाज इथे आहे.

आता माझे मत सांगतो. पटले नाही तर कळवा.

आपण वस्तूची किंमत वजनावर आणि बाजारभावावर करतो. बाजारातला सोऱ्या साडेतीनशेला मिळतो, कारण त्याचा साचा एकदा बनला आणि त्यातून हजारो निघाले. साच्याचा खर्च हजारांत वाटला गेला. एकच नग करायचा असला की सगळा खर्च त्या एकट्यावर येतो. माप घेणे, यंत्र जुळवणे, कानस मारून लावून पाहणे, पुन्हा काढणे. कापायला लागतात दहा मिनिटे आणि जुळवायला अर्धा दिवस. आपण त्याला दहा मिनिटांचे पैसे देऊ करतो आणि वर म्हणतो, "एवढ्याशा पितळेचे?"

साचे घडवणाऱ्याचे नाव विसरायची आपली सवयही जुनीच आहे. मुंबईत 1869 साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. तिथली देवनागरी अक्षरे सुबकपणासाठी नावाजलेली. पण छापण्याआधी ते अक्षर पोलादावर उलटे कोरावे लागे, ते तांब्यावर ठोकून त्याचा साचा करावा लागे, आणि मग त्यात खिळे ओतायचे. आपल्या लिपीत काना, मात्रा, जोडाक्षरे धरून असे कितीतरी ठसे. ते कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांचे नाव मी एकदाही वर्गात घेतले नाही. अख्खी पिढी त्यांच्या अक्षरांवर वाचायला शिकली!

दुसरी गोष्ट 'जुगाड' या शब्दाची. हल्ली मालेगावचे कौतुक होते ते याच शब्दाने. आमच्या गावच्या मंडळींनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला, त्यांच्यावर 2008 साली माहितीपट झाला, आणि 2025 मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपटही आला. त्या माहितीपटात सायकलवरून कॅमेरा फिरतो, बैलगाडीची क्रेन होते. सगळे म्हणतात, काय जुगाड आहे! मलाही त्या मुलांचा अभिमान आहे. पण या शब्दात एक 'चालून गेले' असा भाव आहे. आठ अठरांशाचा हिशेब करून जो चांदणी कोरतो, त्याचे काम 'चालून' जात नाही, ते मापात बसते. अमेरिकेत त्याला 'कस्टम' म्हणतात आणि चार महिने रांगेत उभे राहतात. इथे त्याला जुगाड म्हणतात आणि निम्म्यात मागतात.

कुणी म्हणेल, सर, तिकडचा छंद निराळा आणि इकडचे पोट निराळे. खरे आहे. यंत्रमागवाल्याला मीटरमागे काही पैसे सुटतात, तो कुठून जास्त देणार? मी काही एकवीस हजार द्या म्हणत नाही. पण यंत्रमागवाला घासाघीस करतो ती नाइलाजाने. मी पेन्शनर माणूस, मी केली ती सवयीने. या दोन्हीत फरक आहे की नाही?

आणि या सवयीने काय होते, तेही सांगतो. जानेवारीत मी उरलेले तीनशे रुपये घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. अमेरिकेच्या डायची गोष्ट सांगितली. त्याने हातातले काम ठेवून ती मन लावून ऐकली. साचा कडक करताना माप किती हलते, हे त्याने मलाच विचारले! मला कुठे येते? पैसे पुढे केले तेव्हा आधी नको म्हणाला. मी म्हटले, "हे बक्षीस नाही, तुझी बाकी आहे." मग घेतले, मोजले आणि खणात टाकले. त्याने घेतले याचे मला फार बरे वाटले.

1991 ची गोष्ट मी काढली. माझे चुकले, असे म्हणालो. तो हसून म्हणाला, "नाही सर, बरोबरच होते तुमचे. म्हणून तर हात चालायला लागला." मला वाटले होते त्याने रागवावे. तो रागावला असता तर सोपे गेले असते.

निघताना विचारले, "मुलगा काय करतो?"

"दहावीला आहे. हुशार आहे."

"याच धंद्यात आणणार का?"

"लेथला हात लावू देत नाही मी त्याला, सर," तो म्हणाला. "कुठेतरी नोकरी करू दे. सहाशेचे तीनशे ऐकायची सवय मला आहे, त्याला कशाला?"

यावर मी काय बोलणार? ते तीनशे ऐकवणारा मीच होतो.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे त्यांनी काम पाहावे, असे म्हटले आहे. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला हाताच्या कामातून शिक्षण द्यायला सांगितले होते, त्याचीच ही लहान आवृत्ती. माझे म्हणणे एवढेच, की मालेगावच्या शाळांनी या यादीत लेथवाला घालावा. मुलांना एक दिवस अशा वर्कशॉपमध्ये बसवा. सममूल्य अपूर्णांक म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल. एखादा नापास होणारा मुलगा त्या दिवशी पास होईल, आणि एखादा मास्तरही.

आणि आपण मोठ्यांनी काय करायचे? मोडकी वस्तू दुरुस्त करून घेताना, एकच नग बनवून घेताना, 'बाजारात तर एवढ्याला मिळते' हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. बाजारात मिळत असते तर आपण त्याच्याकडे गेलोच नसतो. किती वेळ लागेल ते विचारावे आणि त्या वेळाचे पैसे द्यावेत. परवडत नसेल तर तसे सांगावे, त्यात कमीपणा नाही. पण त्याचे काम लहान करून आपले पैसे वाचवू नयेत.

पुतण्याने हे वाचले तर त्याला सांगणे आहे, की तुझ्या डायमुळे तुझ्या काकाचे डोळे उघडले. आणि बाकीच्या भाच्या-पुतण्यांनो, दिवाळीत फराळ खाऊन 'काकू, चकली काय काटेरी झाली होती' असे फोन केलेत ना? ती चांदणी कुणी कोरली ते आता तुम्हाला कळले. पुढच्या वेळी मालेगावला याल तेव्हा मी तुम्हाला त्याच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जाईन.

असो. फार लांबले.